डाव्या हातानं घासलेली पट्टी

बॉबिनताईंचा उजवा हात एका सकाळी दूध तापवताना गेला. गेला म्हणजे होता जागेवरच, पण ऐकेनासा झाला. पातेलं उतरवायला म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि बोटं मिटलीच नाहीत. दवाखान्यातून घरी आल्यावर महिन्याभरात पाय चालायला लागला, जीभही वळायला लागली, पण उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काही केल्या एकमेकांना भेटेनात.

दुसऱ्या कुणाचं एवढ्यानं फार अडलं नसतं. बॉबिनताईंचं सगळं आयुष्य मात्र त्या दोन बोटांच्या चिमटीत गेलेलं. तयार कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्या शिलाई मशीन दुरुस्त करायच्या. एकशे चाळीस मशिनं, आणि त्यातलं कुठलं कुरकुरतंय ते त्यांना दारातूनच कळायचं. ठेंगण्या, गोल, आणि दिवसभर गरगर फिरणाऱ्या, म्हणून शिवणाऱ्या बायकांनी त्यांचं नाव बॉबिन ठेवलं होतं. पुढे त्याला ‘ताई’ जोडलं गेलं आणि खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

आता त्या खिडकीशी बसून व्यायामासाठी दिलेला मऊ चेंडू दाबत असत. यजमान छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. अतिशय काळजीवाहू माणूस. त्यांनी बायकोची हत्यारांची पेटी माळ्यावर टाकून ठेवली होती, कारण तिच्याकडे बघून बायको उगाच उदास होते असं त्यांचं मत. सव्वा वर्ष असं गेलं.

मग एके दिवशी सकाळी नणंद आली. ही नणंद शाळेत कवायत शिकवायची. सगळ्या गावाची पीटीबाई. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी चालताना अजून पावलं मोजल्यासारखी टाकायची. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही आणि नाकावर माशी कधी बसू दिली नाही. तिनं भाजीच्या चाकाच्या पिशवीतून एक लाकडी पेटी ओढत आणली आणि जेवणाच्या टेबलावर दाणकन ठेवली.

“वहिनी, हा बघ. मी लहान घरात चाललेय, तिथं याला जागा नाही. मोडीत देणार आहे. त्याआधी आतली चाकंबिकं तुला हवी असतील तर काढून घे.”

तो तिचा रेकॉर्ड प्लेअर होता. नोकरी लागल्यावर तिनं स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू. झाकण उघडायचं, रेकॉर्ड ठेवायची, बटण फिरवायचं. दांडा आपला आपण उठून रेकॉर्डच्या कडेवर उतरायचा आणि गाणं संपलं की आपला आपण परत जागेवर जाऊन बसायचा. त्या काळी शेजारपाजारचे लोक गाणं ऐकायला कमी आणि तो दांडा बघायला जास्त यायचे. गेली सतरा वर्षं मात्र दांडा अर्ध्या वाटेवर हवेतच अडकलेला होता. बटण फिरवलं की आतून घरघर व्हायची, थाळी बोटभर हलायची आणि थांबायची.

“मोटर जळली असेल,” यजमान म्हणाले.

“जळलेली मोटर घरघर करत नाही,” बॉबिनताई म्हणाल्या. “अहो, माळ्यावरची माझी पेटी काढा.”

“अगं, पण डॉक्टर म्हणालेत की...”

“डॉक्टर म्हणालेत हात वापरा. काढा.”

पहिले दोन दिवस एका क्लिपनं खाल्ले. थाळी ज्या खुंटीवर बसते, तिथं नखाएवढी लोखंडी क्लिप असते. एरवी बॉबिनताईंनी ती जांभई देता देता काढली असती. आता डाव्या हातात स्क्रू ड्रायव्हर धरला की तो भलतीकडेच जायचा. उजवा हात त्यांनी नुसता वजन म्हणून पेटीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिप सुटली ती उडून गायब झाली. यजमान जमिनीवर आडवे होऊन तासभर शोधत होते. शेवटी ती त्यांच्याच चपलेत मिळाली.

“आता मी शिस्त लावतो,” ते म्हणाले. त्यांनी अंड्यांचा रिकामा ट्रे आणला, प्रत्येक खळग्याला वळणदार अक्षरात चिठ्ठी लावली: ‘थाळीखालचा स्क्रू, डावा’, ‘थाळीखालचा स्क्रू, उजवा’. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढला. कामाला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. फक्त दिवा धरायचा आणि गप्प बसायचं. दुसरं त्यांना जरा जड जायचं.

थाळी निघाली. मोटर वेगळी करून फिरवली तर ती छान फिरली. बॉबिनताईंचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी उजळला. मग त्यांनी वरचा सगळा पत्राच सोडवून उलटा केला आणि खालची यंत्रणा उघडी पडली. एक मोठं दातेरी चाक, त्याला जोडलेल्या सरकत्या पट्ट्या, आणि दांड्याला उठवणारा एक नाजूक खटका. हा खटका इतका हलका हवा की फुंकर मारली तरी हलावा. तो जागच्या जागी चिकटून बसला होता. सगळ्यावर विटकरी रंगाचा जाड थर वाळून डिंकासारखा घट्ट झालेला.

“कुठल्या गाढवानं इथं ग्रीस थापलंय,” त्या म्हणाल्या. “इथं तेलाचा एक थेंब पुरतो. हे ग्रीस जाड मशीनच्या गिअरचं. हे इथं लावायचं म्हणजे...”

त्या बोलायच्या थांबल्या. यजमानांना वाटलं हात दुखला. त्यांनी दिवा जवळ नेला. बॉबिनताई एका पट्टीच्या चार स्क्रूंकडे बघत होत्या. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या पत्र्यापर्यंत एक बारीक जांभळी रेघ ओढलेली होती. नेलपॉलिशची.

कारखान्यात ही त्यांची खूण होती. स्क्रू आवळून झाला की त्याच्यावरून नेलपॉलिशची रेघ मारायची. स्क्रू ढिला झाला किंवा कुणी उघडला तर रेघ तुटते, आणि लांबूनच कळतं. ही युक्ती त्यांची स्वतःची. एका स्क्रूच्या डोक्याखाली थोडंसं ग्रीस वाळायचं राहिलं होतं. काडीनं उकरल्यावर ते गुलाबी निघालं. तसं गुलाबी ग्रीस कारखान्यात डब्यांनी यायचं.

मग त्यांना आठवलं. सव्वीस वर्षांपूर्वीचा एक रविवार, नणंदेकडे जेवण, आणि जेवणानंतर “वहिनी, हा जरा कुरकुरतोय, बघतेस का?” त्यांनी अर्ध्या तासात उघडून, पर्समधल्या डबीतलं ग्रीस लावून बंद केला होता. तेव्हा तो लोण्यासारखा चालायला लागला होता. त्यांना शाबासकी मिळाली होती. नंतर वर्षानुवर्षं ते ग्रीस आत हळूहळू वाळत गेलं.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर हसून सोडून देता आली असती. पण त्या रविवारनंतर नऊ वर्षांनी प्लेअर हळू झाला, तेव्हा पीटीबाईंनी तो कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याला दिला. त्यानं सुई आणि थाळी फिरवणारं रबरी चाक बदलून दिलं. दोन महिन्यांत प्लेअर पूर्ण अडकला. पीटीबाई दुकानात जाऊन चार लोकांसमोर त्याला नको नको ते बोलल्या. तो म्हणत होता, “बाई, खालची बाजू मी उघडलेलीच नाही.” त्यांनी ऐकलं नाही. शाळेचे कर्णे, घंटा, माइक, सगळ्याची दुरुस्ती त्याच्याकडे असायची. पीटीबाईंनी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं की हा माणूस लबाड आहे. पुढच्या वर्षीपासून ते काम दुसऱ्याकडे गेलं. सतरा वर्षं पीटीबाई त्याच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जात होत्या.

आणि इथं जांभळ्या रेघा होत्या. चारही अखंड. तो खरं बोलत होता.

दोन दिवस बॉबिनताईंनी टेबलावर चादर टाकून ठेवली. यजमानांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अगं, एवढ्या जुन्या गोष्टी. आता कशाला उकरायच्या? तिला प्लेअर चालू करून दे, ती खूष होईल. विषय संपला.”

“तिचा संपेल. त्या माणसाचा?”

यजमानांनी चादरीची कड उचलून रेघा पुन्हा बघितल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्या बाजूला खूण करणारा माणूस तो. चूक दिसल्यावर ती तशीच सोडून पुढे जाणं त्यांनाही जमत नसेच.

तिसऱ्या दिवशी बॉबिनताईंनी नणंदेला बोलावलं, टेबलापाशी बसवलं आणि दिवा पेटवून रेघा दाखवल्या.

“वन्सं, हे ग्रीस माझं आहे. तुमचा प्लेअर मी बिघडवला. त्या रेडिओवाल्यानं इथं हातही लावला नव्हता.”

पीटीबाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग ताठ झाल्या.

“म्हणजे मी सतरा वर्षं...” एवढं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. “वहिनी, याला झाकण लाव आणि दे मोडीत. मला डोळ्यांसमोर नको.”

“प्लेअर तुमचा आहे. बिघाड माझा आहे. बिघाड काढल्याशिवाय मी देणार नाही.”

पीटीबाई दार ओढून निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या फोनही उचलेनात.

बॉबिनताई कामाला लागल्या. रॉकेलमध्ये भिजवलेला दात घासायचा ब्रश, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा, आणि डावा हात. रोज न्याहारीनंतर दोन तास, दुपारी दोन तास. ग्रीस पापुद्र्यासारखं निघत होतं. खिडकी उघडी ठेवूनही घराला रॉकेलचा वास लागला. आठव्या दिवशी खटका सुटला. त्यांनी त्याच्यावर फुंकर मारली, तो हलला. त्यांनी आणखी चारदा मारली. यजमानांनाही एकदा मारू दिली.

पण चाक हातानं फिरवून बघितलं तर दांडा उठेना. दांड्याला ढकलणारी अंगठ्याएवढी पट्टी मधोमध तुटलेली होती. ओतीव धातूची, भुसभुशीत, जोर पडला की बिस्किटासारखी मोडणारी. नवी मिळणं शक्य नव्हतं. असलीच तर एका माणसाच्या जुन्या डब्यात असती.

बॉबिनताई पट्टीचे दोन तुकडे रुमालात बांधून रेडिओवाल्याकडे गेल्या. पाय अजून थोडा ओढायचा, पण एकट्या गेल्या. दुकानात आता मोबाइलचे चार्जर आणि काचा टांगलेल्या होत्या. रेडिओवाला मागे, भिंग लावून कशाला तरी सोल्डरिंगचा डाग देत बसला होता. केस पांढरे झाले होते. बॉबिनताईंनी आपण कोण ते सांगितलं आणि मग ग्रीस, रेघा, रविवार, सगळं काही न वगळता सांगितलं.

तो डाग देतच राहिला. संपल्यावर म्हणाला, “मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“हो. म्हणूनच आले.”

“तुम्ही येऊन काय उपयोग? बोललं कोण होतं?” त्याचा आवाज चढला नव्हता. “शाळा गेली. त्याचं एक असो. तुमच्या नणंदबाई माझ्या पोरीच्या वर्गाला कवायत शिकवायच्या. पोरीनं वर्षभर मान वर करून बघितलं नाही.”

बॉबिनताईंनी रुमालाची गाठ सोडली. त्यानं हात पुढे केला, रुमालातले तुकडे घेतले, भिंगाखाली धरले.

“ही माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसेल. अशीच मिळाली तरी घेऊ नका, पुन्हा मोडेल. पितळेची करा.” तुकडे परत देताना तो त्यांच्या लोंबत्या हाताकडे बघून म्हणाला, “करणार कोण?”

“मीच.”

पितळेचा तुकडा एका जुन्या कुलपाच्या पत्र्यातून निघाला. टेबलाच्या कडेला छोटा व्हाइस आवळून त्यात तो धरला आणि बॉबिनताई कानशीनं घासायला लागल्या. कानस चालवायला दोन हात लागतात: एक मुठीवर, एक टोकावर. त्यांनी उजवं मनगट टोकावर टेकवलं. पहिली पट्टी एका बाजूला निमुळती झाली, टाकली. दुसरी वाकवताना तडकली. टाकली. संध्याकाळी मनगट सुजायचं. यजमान शेक द्यायचे आणि एकदाही ‘पुरे’ म्हणाले नाहीत, हे त्यांच्या स्वभावाच्या मानानं फार झालं. तिसरी पट्टी बरोबर उतरली. आता तिला दोन भोकं पाडायची होती, आणि तिथं घोडं अडलं. हातानं फिरवायचं ड्रिल होतं. एका हातानं वरून दाबायचं आणि दुसऱ्यानं दांडी फिरवायची. उजवा हात काही दांडी फिरवेना. नाइलाजानं यजमानांना बोलावलं. त्यांनी मनापासून दाबलं, पण तिरकं. ड्रिलची सुई मोडली. दुसरी लावली, तीही मोडली. आता एकच उरली होती.

“तुम्ही राहू द्या,” बॉबिनताई म्हणाल्या. रागानं नाही, पण यजमान उठून गॅलरीत गेले आणि बहिणीला फोन लावला. या वेळी तिनं उचलला. ते एवढंच म्हणाले, “तुझी वहिनी पितळ घासतेय. हात सुजलाय. शेवटची सुई आहे. ताठ धरणारं माणूस पाहिजे.”

पीटीबाई अर्ध्या तासात आल्या. टेबलावर ग्रीसच्या पापुद्र्यांची वाटी होती, जुन्या मोडक्या पट्टीचे तुकडे आणि टाकलेल्या दोन पितळी पट्ट्या होत्या, अंड्यांचा ट्रे होता. त्यांनी बाह्या मागे सारल्या, पाय रुंद रोवले, ड्रिल सरळ उभं धरलं.

“मी दाबते. तू डाव्या हातानं फिरव. सावकाश.”

“तिरकं होतंय का बघा.”

“पस्तीस वर्षं पोरांना ताठ उभं केलंय. हे काय तिरकं होतंय.”

पहिलं भोक पडलं. दुसरं पडायला आलं तेव्हा पीटीबाई ड्रिलवरची नजर न हलवता म्हणाल्या, “ती पट्टी ग्रीसनं मोडली नसेल.”

“नाही. ग्रीसनं नुसती चिकटली असेल. जोर लावल्याशिवाय मोडत नाही.”

“मी ओढला होता दांडा. दोनदा. आतून कट् आवाज आला. मग त्याच रागात खाली उतरले आणि त्याला बोलले.”

बॉबिनताईंनी दांडी फिरवणं थांबवलं नाही. पितळेचा भुगा टेबलावर पडत राहिला.

“मीच मोडला होता ते माहीत होतं मला,” पीटीबाई म्हणाल्या. “तरी बोलले.”

“भोक झालं,” बॉबिनताई म्हणाल्या. “वर उचला, हळू.”

पट्टी बसवायला तो सगळा दिवस गेला. यजमान मोबाइलमधले फोटो एकामागून एक उलट्या क्रमानं दाखवत होते आणि चिठ्ठ्या मोठ्यानं वाचत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी थाळी चढली, वर पीटीबाईंनी घरून आणलेली रेकॉर्ड ठेवली. बॉबिनताईंनी बटण फिरवलं. थाळी फिरायला लागली. दांडा थरथरला, जागेवरच घुटमळला. मग तो उठला, आडवा सरकला आणि रेकॉर्डच्या कडेवर उतरला. खरखर झाली, आणि गाणं लागलं, जरा संथ, पण गाणंच. पीटीबाई गाणं ऐकत नव्हत्या, दांड्याकडेच बघत होत्या. शेवटी तो आपला आपण उठून परत जाऊन बसला तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“चला,” बॉबिनताई म्हणाल्या.

“आजच?”

“आजच. उद्यावर टाकलंत तर तुम्ही पुन्हा रस्ता ओलांडाल.”

चाकाच्या पिशवीत पेटी घालून दोघी कोपऱ्यावर गेल्या. पीटीबाई दुकानाच्या पायरीशी थांबल्या, पाय जुळवून, मुलांना उभं करायच्या तशा. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बॉबिनताईंना वाटलं, गिऱ्हाइकं जाईपर्यंत नणंद थांबेल. नणंद थांबली नाही.

“मी तुम्हाला चार लोकांत बोलले होते, म्हणून आताही लोकांसमोरच सांगते. तुम्ही खरं बोलत होतात. तो प्लेअर मीच दांडा ओढून मोडला होता, आणि शाळेत तुमच्याबद्दल खोटं सांगितलं. माझं चुकलं.”

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. रेडिओवाल्यानं त्यांचं काम आधी पुरं केलं, त्यांना वाटेला लावलं. मग म्हणाला, “शाळेत कोण आहे आता?”

“नवे मुख्याध्यापक. मी उद्या जाते.”

“काम नको मला. वय झालं. त्यांना फक्त खरं सांगा.” मग त्यानं गल्ल्यावरच्या वस्तू बाजूला सारल्या. “पेटी वर घ्या.”

त्यानं प्लेअर लावला आणि कान जवळ नेऊन ऐकला, पण गाण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. “माझंच रबरी चाक आहे अजून. एका जागी चपटं झालंय, म्हणून संथ वाजतोय. हे मी बदलतो. चार दिवस लागतील.” थाळी उचलून, पत्रा कलता करून त्यानं आत बॅटरी मारली. पितळी पट्टीवरून अंगठा फिरवला, एकदा पुढे, एकदा मागे.

“ही तुम्ही केलीत? डाव्या हातानं?”

“हो.”

“माप बरोबर आहे. पण ही आतली कड अजून बोचतेय. वर्षभरात दांड्यातून येणारी बारीक तार कापेल.”

बॉबिनताईंनी वाकून स्वतः अंगठा फिरवून बघितला. खरंच बोचत होती. त्यांनी पर्समधून बारीक कानस काढली आणि म्हणाल्या, “स्टूल आहे का?”

रेडिओवाल्यानं स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं आणि दिवा वळवून दिला. पीटीबाईंनी पत्रा दोन्ही हातांनी पेलून धरला. बॉबिनताई बसल्या, उजवं मनगट कडेला टेकवलं आणि घासायला लागल्या.